लिंकसर

लिंकसरांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, ते तिथंच राहू द्या. कॉलेजात, रिक्षा स्टॉपवर, एवढंच काय त्यांच्या स्वतःच्या गल्लीतही त्या नावानं विचारलं तर कोणी घर दाखवणार नाही. ‘लिंकसर’ म्हटलं की एखादं पोरगं थेट दारापर्यंत आणून सोडतं आणि वर बजावतं, “आत बसू नका, लिंक देतील.”

सकाळी साडेसहाला, रंकाळ्यावर फिरायला गेलेली मंडळी अजून निम्म्या फेरीत असतात तेव्हा, सरांचा निरोप येतो. ‘सुप्रभात. आमच्या विद्यार्थ्याचे नवे लेखन. कृपया वाचावे व मोकळेपणाने प्रतिक्रिया द्यावी.’ खाली निळी ओळ. हा निरोप ज्यांना जातो त्यांत नातेवाईक, सहकारी, माजी विद्यार्थी हे आलेच; पण विमा एजंट, दातांचे डॉक्टर, नळदुरुस्तीवाला, पुतणीच्या लग्नातले मांडववाले आणि कधीतरी चुकून फोन लागलेला इचलकरंजीचा एक सूतव्यापारीही त्यांत आहे. तो बिचारा आज कित्येक वर्षं बी. ए. भाग दोनच्या मुलांचं ललित लेखन वाचतोय. सरांनी एकदा गॅस नोंदवायच्या नंबरवरही लिंक धाडली. तिकडून तत्काळ उत्तर आलं, ‘आपली मागणी नोंदवली आहे.’ त्या महिन्यातली ती सगळ्यात तत्पर प्रतिक्रिया होती. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली.

मी त्याच कॉलेजात इतिहास शिकवतो आणि स्टाफरूममध्ये आमची कपाटं शेजारी शेजारी आहेत, त्यामुळं हे सगळं मला जवळून बघायला मिळतं. प्रत्येक कॉलेजात अशी एक तरी वल्ली असतेच. कुठं ती गांडूळखताच्या मागं लागलेली असते, कुठं किल्ल्यांच्या, कुठं योगासनांच्या. आमच्या वाट्याला आली ती ब्लॉगवाली. अंगात अर्ध्या बाह्यांचा फिकट शर्ट, खिशात लाल पेन, गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला फोन आणि हातात त्या फोनचा चार्जर. सर कुठल्याही खोलीत शिरले की पहिल्यांदा माणसांकडं न बघता भिंतीच्या खालच्या अंगाला बघतात. नवखा माणूस म्हणतो, किती विनयशील प्राध्यापक! सर प्लग शोधत असतात.

हे खूळ शिरलं कसं, तर भित्तिपत्रकावरून. आमच्या मराठी विभागाबाहेर काचेची एक पेटी आहे. तिला कुलूप, कुलपाची किल्ली शिपाईमामांकडं आणि शिपाईमामा रजेवर. त्यामुळं २६ जूनला शाहू जयंतीनिमित्त लावलेली कविता पुढच्या २६ जूनपर्यंत तिथंच पिवळी पडत असे. पेटीसमोर उभी राहणारी एकूण एक मुलं काचेत भांग पाडायची. सरांनी हे बरीच वर्षं बघितलं आणि एक दिवस स्टाफरूममध्ये चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, “मुलांना लिहायला येत नाही हे खोटं आहे. त्यांना वाचक नाही.”

“तुम्ही आहात की,” मी म्हटलं.

“मी पगारी वाचक! पगारी वाचकासाठी कोण जीव तोडून लिहील?”

हे त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्याजोगं नव्हतं, आणि आजही नाही. आमच्याकडची मुलं शाळेपासून जे लिहितात ते फक्त तपासलं जाण्यासाठी. ‘माझा आवडता ऋतू’ लिहिणाऱ्या पोराला पक्कं ठाऊक असतं की बाईंना त्याच्या ऋतूत काडीचा रस नाही. बाईंना अनुस्वार हवेत. पुढं विद्यापीठाच्या परीक्षेत तर वाचणारा कोण हेही कळत नाही. उत्तरपत्रिका तपासायला ‘कॅप’ला बसलेला माणूस वाचत नसतो, पानं उलटत असतो, मी स्वतः बसतो, मला माहीत आहे. मग मुलं गाईड पाठ करतात, आणि शहाणी ठरतात.

सरांचा इलाज असा, की प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा ब्लॉग पाहिजे. दर आठवड्याला एक लेख, आणि तो जगानं वाचला पाहिजे. प्राचार्यांनी एकच प्रश्न विचारला, खर्च किती? सर म्हणाले, शून्य. ब्लॉगर नावाची सोय १९९९ साली अमेरिकेत निघाली, २००३ मध्ये गूगलनं ती घेतली, आणि जागा फुकट मिळते. ‘फुकट’ हा शब्द ऐकल्यावर प्राचार्यांनी पुढचं ऐकलं नाही. आमच्या कॉलेजात शैक्षणिक प्रयोग मंजूर होतात ते असे.

त्या दिवसापासून सरांचं प्रत्येक भाषण साने गुरुजींपासून सुरू होतं. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रोज स्वतः लिहायचे आणि पोरं उठली की वाचायची. पुढं १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. “रोज नवा मजकूर, ठरलेला वाचक आणि दुसऱ्या दिवशी वाचकाची बोलणी! हा ब्लॉग नाही तर काय?” सर विचारतात. गुरुजींवरून ते उडी मारतात ती थेट फ्रान्सला. तिथं सेलेस्तँ फ्रेने नावाचा खेड्यातला एक शाळामास्तर होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली, वर्गात फार वेळ बोलवेना. मग १९२४ मध्ये त्यानं वर्गातच एक छोटं छपाईयंत्र आणून ठेवलं. पोरं आपापलं लिहायची, स्वतःच खिळे जुळवून छापायची आणि ते दूरच्या दुसऱ्या शाळेतल्या पोरांना टपालानं धाडायची. तिकडून त्यांचं यायचं. डोंगराकडच्या पोराला समुद्राकडच्या पोरासाठी लिहायचं आहे म्हटल्यावर आपल्या गावात काय काय आहे हे नीट बघावंच लागायचं. ही हकिकत सर फार रंगवून सांगतात. फरक इतकाच, की फ्रेनेला बोलवत नव्हतं म्हणून मुलांनी लिहिलं. आमच्या सरांची फुप्फुसं ठणठणीत असल्यामुळं पाऊण तासाच्या तासाला लिहिण्यासाठी मुलांना जेमतेम सात मिनिटं मिळतात.

कोल्हापूरला लेखन शिकवण्याचं वावडं कधीच नव्हतं. राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या ना. सी. फडक्यांनी कथा-कादंबरी कशी लिहावी याचं ‘प्रतिभासाधन’ हे अख्खं पुस्तकच लिहिलं. माधव ज्यूलियन त्याच कॉलेजातले. खांडेकर इथं येऊन इथलेच झाले. त्यांचं स्मृतिसंग्रहालय विद्यापीठाच्या आवारात आहे आणि सर दरवर्षी मुलांना तिथं नेतात. याच सहलीनं पुढं सरांच्या अंगावर एक संकट आणलं. खांडेकर दृष्टी गेल्यावर तोंडानं सांगून दुसऱ्याकडून लिहून घेत, हे मुलांनी तिथं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी कागलकडचा एक पठ्ठ्या म्हणाला, “सर, मी पण सांगूनच लिवणार. फोन लिवून घेतोय.” खांडेकरांचं नाव आल्यावर सरांना नाही म्हणवेना. त्या पोरानं घरच्या म्हशीवर लेख सांगितला. फोनला ना त्याचा उच्चार झेपला, ना म्हैस. ‘आमची म्हस व्याली’ याचं ‘आमची मस्त वाली’ झालं. लेखभर ती वाली दूध देत होती, वाली लाथ मारत होती आणि शेवटी वालीला दवाखान्यात नेलं. इचलकरंजीच्या सूतव्यापाऱ्यानं काळजीनं विचारलं, ‘वहिनी आता कशा आहेत?’

खरा घोळ फॉन्टचा. एका मुलीनं वडिलांच्या ओळखीच्या डीटीपी सेंटरमध्ये बसून आपला लेख जुन्या फॉन्टमध्ये टंकून घेतला आणि आहे तसा ब्लॉगवर चिकटवला. लग्नपत्रिका छापायला तो फॉन्ट उत्तम. पण दुसऱ्या यंत्रावर तो नसला की त्याची रोमन अक्षरं, टक्के, डॉलर आणि कंस होतात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा लेख टक्के आणि डॉलरमध्ये आला. रात्रीपर्यंत त्याच्याखाली अकरा प्रतिक्रिया जमा झाल्या होत्या. ‘छान.’ ‘अप्रतिम.’ ‘खूप सुंदर लिहितेस, लिहीत राहा.’ ‘डोळ्यांत पाणी आलं.’ एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर ‘भाषेवरील प्रभुत्व जाणवते’ असं लिहिलं होतं.

सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग त्यांच्या लक्षात आलं, की मुलांना लिहायला शिकवणं हे निम्मंच काम आहे. वाचकही शिकवायला पाहिजे. आणि त्या दिवसापासून सरांनी वाचकांची तोंडी परीक्षा सुरू केली.

गंगावेशीचा दूध कट्टा कोल्हापूरकरांना सांगायला नको. म्हशी दारात उभ्या, डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसाळ पेला तिथंच तोंडाला लावायचा. पैलवान येतात, नातवाला घेऊन आजोबा येतात. तिथं सरांनी त्या निवृत्त मुख्याध्यापकांना गाठलं. त्यांच्या हातात भरलेला पेला होता, म्हणजे पळता येण्याजोगी परिस्थिती नव्हती.

“गुरुजी, परवा आपण प्रतिक्रिया दिलीत.”

“हो, हो. फार छान लिहिलंय पोरीनं.”

“काय छान वाटलं?”

“आता एकूणच… मांडणी.”

“कुठल्या परिच्छेदातली?”

गुरुजींनी तो पेला एका दमात रिकामा केला. त्या वयात ते बरं नव्हे. ओठांवरची साय पुसत म्हणाले, “मधल्या.”

“मधल्या परिच्छेदात काय होतं, गुरुजी?”

शेजारचा एक पैलवान हे ऐकत होता. त्याला दया आली असावी. तो म्हणाला, “सर, सोडा की. दूध पिऊ द्या माणसाला.” सरांनी वळून त्याचा नंबर घेतला. तो पैलवान आता यादीत आहे आणि त्याच्या प्रतिक्रिया सगळ्यात नेमक्या असतात. एका मुलानं कुस्तीवर लिहिताना ‘त्याने प्रतिस्पर्ध्याला चितपट करून घिस्सा डाव टाकला’ असं वाक्य लिहिलं. पैलवानानं खाली एवढंच लिहिलं, ‘चितपट झाल्यावर घिस्सा कशाला? आधी घिस्सा, मग चित. बघून लिहा.’ सरांनी ती प्रतिक्रिया मोठ्या अक्षरांत छापून विभागात लावली. काचेच्या पेटीत नव्हे, किल्ली नव्हती म्हणून दारावर.

वहिनींनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, या सगळ्या चळवळीत एकदाच भाग घेतला. सरांचा फोन लागेना म्हणून त्यांनी एका निसर्गवर्णनाच्या लेखाखाली लिहिलं, ‘येताना कोथिंबीर आणा.’ त्यावर एका विद्यार्थ्यानं ‘सर आत्ताच निघाले, मॅडम’ असं उत्तर दिलं. हा संवाद अजून तिथं आहे. त्या लेखात, खरं सांगायचं तर, तेवढाच भाग जिवंत आहे.

शुद्धलेखनाच्या बाबतीत सर अनेकांना वाटतात तितके कडक नाहीत. साहित्य महामंडळाचे नियम सरकारनं स्वीकारले १९६२ साली आणि शिवाजी विद्यापीठही स्थापन झालं १९६२ सालीच. सर म्हणतात, ही जुळी भावंडं आहेत, फक्त उत्तरपत्रिकेत त्यांची गाठ क्वचित पडते. पण त्याच नियमांत पात्राच्या तोंडची भाषा बोलली जाते तशी लिहायची सवलतही आहे, हे ते आवर्जून सांगतात. आमच्याकडच्या मुली ‘मी गेलो’, ‘मी खाल्लो’ म्हणतात. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी एका मुलीच्या लेखातलं ‘मी घाबरलो’ खोडायला सांगितलं. सर म्हणाले, “ती घाबरली तेव्हा पुण्यात नव्हती.” सर असं एखादं बोलतात तेव्हा त्यांची सकाळची साडेसहाची लिंक माफ करावीशी वाटते.

मध्यंतरी नॅकची समिती येणार होती. आमच्याकडं नॅक म्हणजे घरात लग्न निघाल्याची धावपळ: भिंतींना रंग, बागेत कुंड्या आणि प्रत्येक गोष्टीची फाईल. सरांना सांगण्यात आलं, ब्लॉग उत्तम आहेत, पण पुरावा कागदावर पाहिजे. सरांनी विचारलं, जी गोष्ट कागदावर नाही हाच जिचा विशेष, ती कागदावर कशी आणू? उत्तर आलं, तीन प्रतींत. मग सगळ्या मुलांच्या सगळ्या लेखांचे प्रिंट निघाले, स्पायरल बाइंडिंग झालं, आणि प्रत्येक पानावर प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का बसला. लेखाखालच्या प्रतिक्रियाही छापल्या होत्या. त्यामुळं ‘लय भारी भावा’, ‘जाळ आन् धूर संगटच’ आणि ‘येताना कोथिंबीर आणा’ या तिन्हींवर आता सत्यप्रत म्हणून शिक्के आहेत. एका पानावर निळ्या, अधोरेखित अक्षरांत ‘पुढे वाचण्यासाठी येथे क्लिक करा’ असं छापलं होतं. कार्यालयीन अधीक्षकांनी ते पान खिडकीशी नेऊन, मागून-पुढून बघून सरांना विचारलं, “याच्या पुढचं पान राहिलंय का?”

अलीकडं सरांपुढं नवं दुखणं उभं राहिलं. मुलांचे लेख एकाएकी फार चांगले येऊ लागले. अल्पविराम जागच्या जागी, एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही, सुरुवात ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ आणि शेवट ‘काळाची गरज आहे’. फोनला विषय सांगितला की फोनच निबंध लिहून देतो, हे सगळ्यांना कळलं होतं. स्टाफरूममध्ये यावर फार चर्चा झाली. कोणी म्हणालं, पकडायचं यंत्र आणा. कोणी म्हणालं, पुन्हा कागद-पेन. सरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी फक्त विषय बदलला. म्हणाले, महापुरावर लिहा. २०१९ चा किंवा २०२१ चा, जो बघितलाय तो.

पहिल्या फेरीत सगळ्यांनी निसर्गाचा प्रकोप लिहून आणला. सरांनी एकेकाला उभं केलं. “तुमच्या गल्लीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं?” “गाडी कुठं लावली होती?” “लाइट कधी गेली?” “राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर असताना तुम्ही घर सोडलं?” या शेवटच्या प्रश्नावर वर्ग जागा झाला. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ असतं. फोनला ते आकडे माहीत असतीलही. पण ४१ फुटांवर आजी काय म्हणाली, हे त्याला कुठून माहीत असणार?

आंबेवाडीकडच्या एका मुलीनं मग दुसऱ्यांदा लिहिलं. तिच्या घरातल्या भिंतीवर पाण्याची तांबूस रेघ आहे. पूर ओसरल्यावर घर रंगवलं, पण आजीनं तेवढी रेघ रंगवू दिली नाही. पुढच्या वेळी सामान कुठवर चढवायचं हे कळावं म्हणून. चिखल काढताना ट्रंकेत आईचं दहावीचं सर्टिफिकेट सापडलं. ते कागद म्हणून उरलं नव्हतं, पण आईनं ते तव्यावर वाळवून बघितलं. लेखात चुका होत्या, दोन ठिकाणी वाक्यं अर्धवट सुटली होती. सरांनी सकाळी लिंक पाठवली. दुपारपर्यंत एकही ‘छान’ आला नाही. मग तिच्याच वडिलांची प्रतिक्रिया आली, बहुधा आयुष्यातली पहिली: ‘तवा नव्हता, भाकरीचा खापर होता. तवा वाहून गेला होता.’ मुलीनं तव्याचं खापर केलं. सरांनी त्या एका दुरुस्तीवर दोन तास घेतले. मधली सुट्टी संपली तरी शेजारच्या वर्गात त्यांचा आवाज येत होता.

पण सरांचं नाव गावात झालं ते फुटबॉलमुळं. कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं, की इथं कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं संघांची आहेत आणि पेठांच्या अब्रूचीही. हंगामात शाहू स्टेडियमवर कामधंदा सोडून माणसं येतात. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर अशाच एका पेठेतला मुलगा होता. पेठ कुठली ते सांगत नाही, मला कोल्हापुरातच राहायचं आहे. वर्षभरात त्यानं एकही लेख दिला नव्हता. सर म्हणाले, “बाळा, तू जे बघतोस ते लिही.” त्यानं लिहिलं. ‘काल सामना झाला. खूप चुरशीचा झाला. आमचा संघ जिंकला.’ तीन वाक्यं. सरांनी नेमानं लिंक पाठवली, आणि या वेळी ती त्या मुलाच्या तालमीच्या ग्रुपवर जाऊन पडली.

रात्री नऊ वाजता पहिली प्रतिक्रिया आली. ‘गोल कुणी मारला ते लिव की.’ मग, ‘पास कुणी दिला ते कोण सांगणार?’ मग, ‘पहिल्या हाफात आपण किती दाबून खेळलो ते कुठाय?’ पोरगं एकेक भर घालत गेलं. साडेदहाला तालमीच्या एका जुन्या गोलकीपरनं लिहिलं, ‘चेंडू डाव्या खांबाला लागून आत गेला, तू लिवलाईस उजव्या. मॅच बघायला आलतास का झोपायला?’ खांब बदलला. कोणी म्हणालं, एवढा मोठा परिच्छेद वाचवत नाही, तोड. तोडला. कोणी म्हणालं, ‘अविस्मरणीय’ काढ, ते वर्तमानपत्रवाले लिहितात. काढलं. रात्री एक वाजता सहा परिच्छेदांचा, कमावलेल्या अंगाचा लेख तयार होता. सर सकाळी वर्गात आले ते तरंगतच. “संपादन हे प्रकरण मी एक महिना शिकवतो,” ते म्हणाले, “तालमीनं चार तासांत उरकलं.”

परिणाम असा झाला, की चार दिवसांनी सरांच्या तासाला एक अनोळखी मुलगा येऊन बसला. दंड भरलेले, हातात वही नाही.

“कुठल्या वर्गाचा रे तू?”

“बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला हाय, सर.”

“मग इथं कसा?”

“त्या पोरानं मॅचचं लिवलंय ते समद्या गावात फिरायलंय. आमच्या बाजूनं लिवणारं कोणच न्हाई. तालमीनं मला धाडलंय शिकायला.”

मराठी विभागाच्या इतिहासात दुसऱ्या शाखेचा विद्यार्थी आपण होऊन येऊन बसल्याची नोंद नव्हती. सरांनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, ब्लॉग उघडून दिला आणि पहिला लेख स्वतः तपासला. त्यात ‘पंच’ हा शब्द सात वेळा होता आणि प्रत्येक वेळी त्याला वेगळं विशेषण होतं. सरांनी विशेषणं कमी करायला सांगितली. तो म्हणाला, “विशेषणं काढतो सर, पण ती पेनल्टी होती का नव्हती ते आधी सांगा.” दुसऱ्या टोकाला शेवटच्या बाकावरचा उठला, “नव्हतीच!” आणि वर्गाचे दोन भाग झाले. सगळे सरांकडं बघू लागले. वाचक म्हणून निकाल त्यांनीच द्यायचा होता, आणि सरांनी जन्मात फुटबॉलचा सामना बघितलेला नव्हता.

सर शब्दाचे पक्के. पुढच्या रविवारी, त्याच दोन संघांची पुन्हा गाठ होती तेव्हा, ते डोक्याला टोपी, हातात चार्जर आणि बगलेत नियमांचं छोटं पुस्तक घेऊन शाहू स्टेडियमवर गेले. तिथं पेठांच्या बसायच्या बाजू ठरलेल्या असतात, हे त्यांना कोण सांगणार? मोकळी जागा दिसली तिथं बसले. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी दोन्ही संघांच्या चांगल्या खेळाला टाळ्या वाजवल्या. पुढच्या पायरीवरच्या माणसानं मान वळवून विचारलं, “काका, तुम्ही कुणाकडनं?”

सर म्हणाले, “दोन्हीकडून.”

त्या जागेवर माणसाला जी काही उत्तरं देता येतात त्यांतलं हे एवढंच चालत नाही. आजूबाजूचे दहा-बारा जण उभे राहिले. कोणी म्हणालं, पाहुणं दिसतंय. कोणी म्हणालं, पाहुणं न्हवं, तिकडचं हाय. सर खिशातून लाल पेन काढून शांतपणे विचारत होते, “आपण वाचता का? नंबर द्या.” तेवढ्यात एका बाजूनं शेवटच्या बाकावरचा आणि दुसऱ्या बाजूनं बी. कॉम.वाला कठड्यावरून उड्या टाकत आले. दोघांनी दोन दंड धरून सरांना उचलल्यासारखं करत फाटकाबाहेर आणलं आणि रिक्षात बसवलं. टोपी आतच राहिली. चार्जर हातात होता.

रिक्षावाल्यानं मीटर टाकला. सरांनी बाहेर डोकं काढलं.

“हे आजचं कोण लिहिणार? आधी देईल त्याची लिंक सकाळी जाईल.”